वरच्यांना न कळणारी बोली

वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांची सांगलीहून धुळ्याला बदली झाली तेव्हा मी नुकतीच आठवी पास झाले होते. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. जूनमध्ये मला मुलींच्या शाळेत नववीत घातलं आणि वर्गात जी एक जागा रिकामी होती तिथे बसवलं. शेजारची मुलगी साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज एसटीने यायची. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि दप्तराऐवजी खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी.

पहिल्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी विचारलं, कविता कोणाला पाठ आहे. ही उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माले पाठ शे."

वर्ग हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्याजणी घरी तेच बोलत होत्या, हे मला फार नंतर कळलं. बाई रागावल्या नाहीत. "मला पाठ आहे, असं म्हण," एवढंच म्हणाल्या. तिने तसं म्हटलं आणि मग सबंध कविता एकही शब्द न चुकता म्हणून दाखवली. मी हसले नव्हते. त्यात माझा चांगुलपणा काही नव्हता, ती काय बोलली तेच मला समजलं नव्हतं. पण तिला तेवढं पुरलं. मधल्या सुट्टीत तिने डबा माझ्यापुढे सरकवला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. एका घासात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने न हसता स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

शाळा सव्वापाचला सुटायची आणि तिची गाडी सव्वासहाला. आमचं सरकारी क्वार्टर स्टँडपासून जवळ, त्यामुळे तिची गाडी येईपर्यंत मी तिच्याबरोबर बाकावर बसून राहायचे. मला तेव्हा विज्ञानकथांचं वेड होतं. दोनशे पानी वहीत मी स्वतःची एक कादंबरी सुरू केली होती. आकाशातून कोणीतरी येतात आणि पृथ्वीवर राज्य करू लागतात. मी त्यांना 'वरचे' असं नाव दिलं होतं. त्यांना शरीर नाही. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते ना, तसे ते दिसतात. ते कोणाला मारत नाहीत. उलट सगळं तेच ठरवतात, कोणी कुठे राहायचं, काय शिकायचं, किती बोलायचं. माणसांकडून नदीचं पाणी डोंगरावरच्या टाक्यांत भरून घेतात, कारण त्यांना पाणी फार लागतं. तीन माणसं एकत्र दिसली की चौथा आवाज त्यांचा असतो. आणि नववीतल्या नऊ मुली धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यात लपून त्यांच्याशी लढायचं ठरवतात.

लळिंगचा किल्ला मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता.

एका संध्याकाळी मी तिला पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवली. ती पाय वर घेऊन ऐकत बसली होती. संपल्यावर तिने विचारलं, "त्यास्ले आपलं बोलनं कसं काय समजस?"

एव्हाना मला तिची अहिराणी बोली कळू लागली होती. वरच्यांना आपली भाषा कशी समजते, याचा मी विचारच केला नव्हता. तेवढ्यात स्टँडच्या भोंग्यातून नेहमीचा तो घोटीव आवाज आला, अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. मी म्हटलं, "ते वर्षानुवर्षं वर बसून आपला रेडिओ ऐकत होते. बातम्या ऐकून शिकले."

तिने मान डोलावली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंग त्यास्ले अहिराणी येत नही."

त्या दिवसापासून कादंबरी दोघींची झाली. लिहायचे मी, आणि मुलींच्या तोंडचं बोलणं सांगायची ती. तोवर माझ्या लळिंगच्या मुली निवेदिकांसारख्या बोलत होत्या. आता त्या भांडू लागल्या, एकमेकींना चिडवू लागल्या. तिला असे प्रश्न पडायचे जे मला कधीच पडले नसते. किल्ल्यावर पाणी कुठून आणतात? भाकरी कोण पोचवतं? तिच्या मामाचं गाव किल्ल्याच्या पायथ्याशी होतं, त्यामुळे उत्तरंही तिच्याकडेच असायची. सातव्या प्रकरणात टाकीवर कामाला ठेवलेली एक मुलगी वरच्यांच्या देखत टेलिफोन उचलते आणि मावशीला सांगते, "आते पानी सोडानं शे." वरचे ऐकत असतात. त्यांना वाटतं, हिचा घसा बिघडलाय, म्हणून ते तिच्यासाठी औषध पाठवतात. हे औषधाचं तिने सुचवलं. बाकावर आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची म्हातारी आमच्याकडे बघून स्वतःही हसायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी शाळेच्या हस्तलिखितासाठी साहित्य मागवलं. मी वही नेऊन दिली. दोन दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. गोष्ट त्यांना आवडली होती. सातवं प्रकरण घेऊ म्हणाल्या. "फक्त हे संवाद तेवढे प्रमाण मराठीत कर. स्नेहसंमेलनाला बाहेरचे पाहुणे येतात, हस्तलिखित चाळतात. शाळेचं नाव असतं."

मी हो म्हटलं. मला एकदाही वाटलं नाही की तिला विचारावं. अक्षर चांगलं म्हणून बाईंनी मलाच जाड कागद दिले, आणि सुट्टीत टेबलाशी बसून मी सबंध प्रकरण शुद्ध करून उतरवलं. "आते पानी सोडानं शे" याचं मी "आता पाणी सोडायचे आहे" केलं. समासात लळिंगच्या डोंगराचं चित्रही काढलं. आईने ते शेजारणीला दाखवलं.

ती सुट्टीभर शेतात कापूस वेचत होती. परत आली तेव्हा तिची बोटं बोंडांनी ओरखडली होती. मी मोठ्या उत्साहाने बाकावर तिच्या मांडीवर ते कागद ठेवले. तिने हात फ्रॉकला पुसले आणि मगच पानांना बोट लावलं. सावकाश वाचलं. दोनदा मागे जाऊन पाहिलं. मग कागद नीट एकावर एक ठेवून मला परत दिले.

"मंग त्यास्ले बठ्ठं समजनं ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, सगळं समजलं, पण कोणाला? आणि विचारताना मला कळलं. टाकीवरची मुलगी शुद्ध मराठीत पाणी सोडायचं सांगत होती, आणि वरचे शेजारी उभे राहून ऐकत होते. गोष्टच उरली नव्हती. मी बाईंवर ढकललं. बाई म्हणाल्या, पाहुणे येतात, मी काय करणार. तिने ऐकून घेतलं. गाडी लागली तेव्हा ती उठून म्हणाली, "माझी गाडी आली आहे. मी निघते."

इतक्या महिन्यांत ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गातही तसंच. "तुझी पट्टी देतेस का?" "धन्यवाद." एकही चूक नाही. मधल्या सुट्टीत डबा पुढे यायचा, पण बोलणं असं, पुस्तकातलं. भांडली असती तर मी समजूत काढली असती. आठवडाभर मी बाकावर तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो.

शेवटी मी बाईंकडे गेले. शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्याच वह्या तपासत होत्या. मी म्हटलं, ते प्रकरण काढून टाका, नाहीतर आधीसारखं लिहू द्या. का, ते मला नीट सांगता येईना. मी गोष्टच सांगितली. वरच्यांना अहिराणी येत नाही म्हणूनच मुली वाचतात, ती काढली तर त्या पकडल्या जातील.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ही कल्पना तुझी?"

"नाही, तिची." मी तिचं नाव सांगितलं.

त्यांनी समोरची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मी शिंदखेड्याकडची. माझी आई येते ना राहायला, तेव्हा आम्ही तेच बोलतो घरात. दार उघडलं की मी बदलते. बी.एड.च्या वर्गात माझ्या तोंडून एकदा 'शे' निघालं होतं. मुलं आठ दिवस मला त्याच नावाने हाक मारत होती." त्या पुढे म्हणाल्या, "मी त्या मुलीला वर्गात टोकते ते तिला तसं सोसावं लागू नये म्हणून. आण तुझी वही."

मी जुनी वही त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी सातवं प्रकरण पहिल्यापासून वाचलं. एका ठिकाणी थांबल्या. तिथे वरचे अगदी जवळ आहेत असं एक मुलगी दुसरीला सांगते. ते वाक्य एका रात्री घरी बसून मी माझ्या मनाने लिहिलं होतं, "त्या आठेच शे."

बाईंनी लाल पेन उचललं, 'शे' खोडलं आणि वर लिहिलं, 'शेतस'. "अनेक आहेत ना ते? एकाला शे, अनेकांना शेतस. लिहायचं तर बरोबर लिही."

मुख्याध्यापिका काय म्हणतील, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या ते त्या बघतील. पुढे त्यांनी काय बघितलं मला माहीत नाही. एवढं कळलं की दोन दिवस त्या जरा उतरलेल्या चेहऱ्याने वर्गावर आल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला नवे कागद दिले.

त्या संध्याकाळी मी वही उघडून तिच्यासमोर धरली. लाल अक्षरं तिला लगेच दिसली.

"हाई कोनी लिखं?"

"बाईंनी."

ती त्या एका शब्दावर वाकली. त्याच्यावरून हळूच बोट फिरवलं, शाई ओली असल्यासारखं. मग वही स्वतःकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "आनखी तीन चुका शेतस तुन्या. आठे ये, दाखाडस." आणि दाखवल्या. मी रडले की नाही आठवत नाही. तिची गाडी मात्र त्या दिवशी चुकली आणि तिला पुढच्या गाडीने जावं लागलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. हस्तलिखित एका टेबलावर लाल कापडावर ठेवलं होतं. पाहुणे आले, मुखपृष्ठाचं कौतुक करून चहाला गेले. कोणी सातवं प्रकरण वाचलं नाही. मला वाईट वाटत होतं, तेवढ्यात तिची आई आली. नवं लुगडं नेसलेली, बरोबर गावातल्या दोन बायका. तिघींनाही वाचता येत नव्हतं. माझी मैत्रीण टेबलाशी उभी राहिली आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर्णनाचा माझा भाग आला की बायका अदबीने ऐकायच्या. मुली बोलू लागल्या की त्या पुढे सरकायच्या. औषधाची जागा आली तेव्हा तिघी इतक्या मोकळ्या हसल्या की आसपासच्या मुली जमल्या. त्यांत पहिल्या आठवड्यात हसलेल्या होत्या. बाई दाराशी उभ्या होत्या, आत आल्या नाहीत.

वाचून झाल्यावर तिच्या आईने वरच्यांबद्दल विचारलं, "मंग त्या गयात का नही?"

"अजून लिखं नही, माय."

"मंग लिखा ना लवकर."

म्हणून आम्हाला शेवट लिहावा लागला. माझ्या मनात मोठी लढाई होती, डोंगर फुटतो वगैरे. ती म्हणाली, नऊ मुली डोंगर कसा फोडतील. तिच्या शेवटात कोणीच लढत नाही. लोक टाक्या भरायला जायचं थांबतात. एका गावाने थांबवलं की दुसऱ्या गावाला निरोप, दुसऱ्याने तिसऱ्याला. वरचे हुकूम सोडत राहतात, आणि तहानेने एक दिवस निघून जातात. आम्ही आठ दिवस वाद घातला आणि तिचा शेवट घेतला. तिने तो घरी चुलीपुढे वाचून दाखवला. तिच्या आईचं म्हणणं पडलं की जाताना त्यांना तांब्याभर पाणी द्यायला हवं होतं. ते वाक्य आम्ही समासात वाढवलं.

दहावीनंतर वडिलांची पुन्हा बदली झाली, या खेपेला कोल्हापूरला. वही मी तिच्याकडे ठेवली. ती डी.एड.ला लागली आणि पुढे साक्री तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका झाली. पहिली काही वर्षं तिची अंतर्देशीय पत्रं नेमाने येत. सगळी अहिराणीत, कडेपर्यंत भरलेली. नुसती नजरेने वाचली की मी अडखळायचे, म्हणून खोलीत बसून मोठ्याने वाचायचे. स्वयंपाकघरातून आई विचारायची, कोण आलंय गं, चहा टाकू का?