बर्थ नको

काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत विद्युल्लतेला सगळे ‘ट्यूशनवाली दीदी’ म्हणत. चाळिशीला टेकलेली, लग्न राहून गेलेलं. पोरांना इंग्रजी शिकवून घशाला कोरड पडायची. आणि ती भाषा तरी काय एकेक नग! ‘बर्थ’ म्हणजे जन्म, अन् ‘बर्थ’ म्हणजे रेल्वेतली झोपायची फळीही. स्पेलिंग वेगळं, कानाला सारखंच. पोरं वैतागायची, तीही वैतागायची.

वडील अप्पाशास्त्री वैदिक. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला, म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. नेम त्यांचा, पण बेडी पडली लेकीच्या पायात!

चौऱ्याण्णव साली नाशिकच्या एका शाळेनं तिला नोकरी देऊ केली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिनं अप्पांच्या जेवणाची सोय शेजारच्या शरदिनीकाकूंकडे लावली आणि रेल्वेतल्या रत्नाकरला तिकिटाचं सांगितलं.

रत्नाकर निरोप घेऊन आला तेव्हा ती नेमकी भाजीला गेलेली.

“शास्त्रीबुवा, ताईंना बर्थ मिळतोय. घेऊ ना?”

“बर्थ? छे छे! काशीत राहून पुन्हा बर्थ? नको रे बाबा, त्यातूनच तर सुटायचंय!”

बेत फिरला असेल, असं समजून त्या भल्या माणसानं जागा सोडून दिली. संध्याकाळी उलगडा झाला तोवर गाडी गेलेली. गल्ली पोट धरून हसली. शास्त्रीबुवांनी मोक्षापायी लेकीची गाडी चुकवली म्हणे! विद्युल्लताही हसली. रडण्यापेक्षा ते बरं.

रात्री अप्पांचा घास ताटातच राहिला.

“ठाऊक होतं मला,” ते म्हणाले. “भिंतीपलीकडून रोज ऐकतो तुझी शिकवणी. दोन्ही बर्थ पाठ आहेत.”

“मग का असं केलंत, अप्पा?” ती कडाडली. “माझ्या जन्माचं मातेरं करायला?”

“मोक्षबिक्ष राहू दे गं. तू गेलीस की मला एकट्याला फार भीती वाटेल.”

तिला संताप आला, आणि ताटात तशाच राहिलेल्या घासाकडे बघून दयाही आली. हट्टी म्हाताऱ्याशी भांडायची तिची तयारी होती. घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं, हे तिला कुठं ठाऊक होतं!

सकाळी रत्नाकर ओशाळून पुन्हा दारात. “ताई, आजच्या गाडीत एक बर्थ आहे. सोमवारपर्यंत पोचाल. घेऊ ना?”

आत अप्पांचं जप पुटपुटणं एकदम थांबलं. विद्युल्लता दाराची चौकट धरून उभी राहिली. जावंसं तिला इतकं वाटत होतं की पाय दुखायला लागले.

“नको,” ती म्हणाली, आणि खोळंबलेल्या पोरांना शिकवणीला आत घेतलं.