खुशालरावांची गुणी सून

खुशालरावांना आपल्या माणसांत दोष दिसतच नाही. बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीत इतका भला माणूस दुसरा नाही, आणि इतका ताप देणाराही नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घरच्यांचे गुण ऐकवतात. बायको इंदूबाई पोटाचं दुखणं अंगावर काढत गेली. तेही अभिमानानं सांगतात, "शेवटपर्यंत एका शब्दानं कुरकुरली नाई बाई."

तिच्यानंतर हे कौतुक सुनेच्या, प्रणालीच्या वाट्याला आलं. "आमची प्रणाली माहेरी मुक्काम करत नाई. सकाळच्या गाडीनं अकोल्याले जाते, दिवेलागणीले घरात हजर." खरं म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा ती आईशी भांडून त्याच संध्याकाळी परत आली होती. तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. पण खुशालरावांनी गल्लीभर सांगून त्याचं व्रत करून टाकलं, आणि ते तिला वर्षानुवर्षं पाळावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या आईला लकवा मारला. भाऊ पुण्याला. शेजारीण येऊन दोन घास भरवायची, तेवढंच. आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो, तेव्हा प्रणाली सोऱ्या फिरवता फिरवता थांबली.

"काकू, मले महिनाभर आईजवळ रायचं हाय. तुमी बोला ना मामाजीसोबत."

"तू काहून बोलत नाईस?"

"जीभच वळत नाई. परवा मुद्दाम उलटून बोलली त्यायले. म्हटलं, रागावतीन तरी. तं गल्लीत सांगून राहिले, पोरगी साफ दिलाची हाय, मनात काई ठेवत नाई."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"श्यामले सांग मंग." श्याम म्हणजे तिचा नवरा.

"ते म्हणते, बाबाले वाईट वाटीन."

त्याच संध्याकाळी मी खुशालरावांना गाठलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. "पाहा वहिनी, आतमधी एवढं दुःख, अन् चेहऱ्यावर काई नाई. इंदू अशीच होती."

त्यांनी प्रणालीला बाहेर बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा बेटा, महिनाभर राय. मी अडवत नाई. पण मले मालूम हाय, तू घर टाकून रायणार नाईस."

ओरडले असते तर ती भांडली असती. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. डोक्यावरच्या त्या हाताचं काय करायचं, ते आम्हा दोघींनाही कळेना.

"नाई मामाजी. संध्याकाळी येत जाईन," ती म्हणाली. मला तिचा राग आला, आणि माझाही.

मग ती रोज अकोल्याला जायची आणि रोज परत यायची. एकदा परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर यायच्या आतच फोन आला. आई गेली होती. "निघताना तिनं माही ओढणी धरली होती काकू," ती मला नंतर म्हणाली. "म्या सोडवून घेतली. गाडी होती ना."

दहावा झाल्यावर आम्ही बायका तिला भेटायला गेलो. खुशालराव नात अपेक्षाला जवळ घेऊन बसले होते. "आई आजची की उद्याची, तरी पोरगी घर विसरली नाई," ते सांगत होते. "अशी सून दिवा घेऊन शोधा, भेटणार नाई." मग नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तू बी आईसारखीच हो, बेटा."

चहा घेऊन आलेली प्रणाली दारातच थांबली. "नाई मामाजी. अपेक्षा माह्यासारखी नाई व्हायची."

इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. आता तरी ऐकतील, असं मला वाटलं.

खुशालरावांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते मनापासून हसले. "पाह्यलं? स्वतःची तारीफ तिले बिलकूल खपत नाई."

अपेक्षानं आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं आणि मान डोलावली.