संपादकबाई आणि माझी पिशवी

आमच्या संपादकबाई निरोप द्यायच्या त्या पिशवी तपासूनच. गुजरातेत, आमच्या वाडीतल्या दोन खोल्यांत बसून त्या मुलांचं गुजराती चित्रकथांचं मासिक जवळजवळ एकहाती लिहीत आणि संपादित करीत. मी तेव्हा कॉलेजात होते. चित्रांतल्या फुग्यांमध्ये संवाद लिहायचं काम माझं. दारात चप्पल घालताना बाई म्हणायच्या, "पिशवी दाखव गं. राग मानू नकोस. मानलास तरी दाखव."

चहा जरा चांगला झाला तरी त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "आज काय मागायचंय?" असं विचारून मगच घोट घ्यायच्या.

संशयाला कारण मात्र होतं. अहमदाबादच्या एका मासिकात आमची गोष्ट आमच्याआधी आठ दिवस छापून आली होती, तीही दोनदा. आमचे अंक गठ्ठ्यांनी परत आले. आणखी एकदा असं झालं असतं तर मासिक बंदच करावं लागलं असतं. गोष्टी आधी ठाऊक असणारे आम्ही तिघेच: मी, जवळच्या डभोई गावाहून बसने येणारे चित्रकार जयेशभाई आणि छापखान्याचं बघणारा बाईंचा धाकटा भाऊ. जयेशभाई स्वतःच पिशवी उपडी करायचे. "लो बेन, जोई लो." ब्रश, डबा, बसचं तिकीट. मी मात्र घरी जाऊन रडायचे. आई म्हणायची, "सोड ते काम." पण "फुग्यात आठ शब्दांवर गेलीस की मूल पान उलटतं" हे मला दुसरं कोण शिकवणार होतं?

पुढच्या गोष्टीचा शेवट बाईंनी मला एकटीला विश्वासात घेऊन सांगितला: हार माळ्याने चोरला. महिनाभर मी तो पोटात ठेवला. छापताना बाईंनी तो बदलला, का ते मी विचारलं नाही. त्यानंतर चोऱ्या थांबल्या, माझी आणि जयेशभाईंची झडती मात्र थांबली नाही. म्हणजे चोर आम्हा दोघांतलाच, असं सगळे धरून चालले.

घरोघरी केबल आली आणि चोराविनाच मासिक बुडालं. शेवटच्या दिवशी मी सवयीने पिशवी पुढे केली. बाईंनी ती उघडली नाही.

"तुला माळी सांगितला, जयेशभाईंना डॉक्टर आणि भावाला आत्या," त्या म्हणाल्या. "अहमदाबादवाल्यांच्या अंकात आत्याच छापून आली. आपला शेवट मी आधीच बदलून ठेवला होता. पुढे भावाला शेवट सांगितलेच नाहीत."

"मग इतकी वर्षं माझी पिशवी?"

"तुमची झडती थांबवली असती तर चोर सापडला हे उघड झालं असतं, आणि तो कोण हे आमच्या आईला कळलं असतं. तू सोसशील याची खात्री होती. विश्वास होता म्हणूनच तुझ्यावर संशय घेतला."

मला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भरून आलं. मी त्यांच्या पाया पडले.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. जयेशभाई अजून डभोईलाच असतात, दिवाळीत भेट होते. विश्वास होता म्हणून संशय घेतला, हे बाईंनी त्यांनाही सांगितलं होतं का, असं दर वेळी ओठांवर येतं. मी विचारत नाही. तेही माझ्याकडे जरा बारीक डोळ्यांनीच बघत असतात.