अठ्ठावीस अक्षरं आणि कमळाक्का

विलायतेहून परतताना बोटीवर वाटलं होतं, धारवाडात एस्पेरांतोचा वर्ग काढला की ओसरी पुरणार नाही. साऱ्या जगाला एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. तिला कोण नको म्हणेल? आले दोघंच. विष्णुअण्णा वकील, आणि शेजारच्या कमळाक्का, ज्यांच्या ओसरीवर वर्ग भरायचा. ओसरी पुरली. किस्से मात्र तिथं मावेनासे झाले.

पहिल्याच दिवशी मी बजावलं, "अक्षरं अठ्ठावीस. लिहिलंय तसंच वाचायचं. यात बदल नाही. आणि प्रत्येक नामाच्या शेवटी ओ. बाप म्हणजे पत्रो."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "आमचे अप्पा कारवारला नोकरीला. मला ते पत्रातच भेटले."

*

रोमन लिपीतल्या या भाषेत च दोन. डोक्यावर टोपीसारखी खूण असलेला चहातला, उघड्या डोक्याचा चाकातला. टोपीवाला 'चारो' म्हणजे गाडी. टोपी काढली की तोच रशियाचा झार. अण्णा टिपणं देवनागरीत काढत, तिथं दोन्ही च सारखेच. एकदा 'बैल गाडी ओढतो' वाचताना ते टोपी विसरले.

"अण्णा, तुमच्या बैलानं झारला ओढलं."

"रशियात तेच झालं की," म्हणून ते पुढचं वाक्य वाचू लागले.

*

संध्याकाळी केलगेरीच्या तळ्याकडून वारा येई. आम्ही तिघं एका सुरात अक्षरं म्हणत असू आणि मला वाटे, हंगेरीतल्या एखाद्या ओसरीवरही आत्ता हाच सूर लागला असेल.

तिथल्या एका बाईंचा पत्ता मी मिळवला. कमळाक्कांनी महिनाभर खपून पत्र लिहिलं. या भाषेत ळ नाही, म्हणून सही मी 'कमला' अशी करायला लावली.

उत्तर आलं. अक्कांनी पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि पाकीट न फोडताच मला परत दिलं.

"हे माझं नव्हे."

"अक्का, तुमचंच आहे."

"अय्य, लिहिलंय तसंच वाचायचं म्हणालीस ना? ही कमला कोण, मला ठाऊक नाही. आईनं मला कमळा म्हटलं. ओसरी वापर, सुमे. मी मात्र बसणार नाही."

पाकीट घेऊन मी तळ्याकाठी गेले. अठ्ठावीस अक्षरं पुन्हा पुन्हा म्हटली. ळ म्हणताना वळते तशी जीभ एकदाही मागं वळली नाही.

सकाळी पाकिटावरचा एल खोडून मी त्या जागी ळ लिहिला, फळ्यावर एकोणतिसावं अक्षर काढलं, आणि आत हाक मारली, "कमळाक्का, तुमचं पत्र आलंय."