कूलरसमोरची खुर्ची

ईस्टरच्या आधीच्या आठवड्याला आमच्या चर्चच्या मंडळीत दुःखसहन सप्ताह म्हणतात. अकोल्यात तो नेमका उन्हाळ्यात येतो, त्यामुळे दुःख कसं सहन करावं हे लेकरांना वेगळं शिकवायची गरज नसते. पण पाळकीणबाईंना, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या बायकोला, ती वाटली. त्यांनी इंटरनेटवरून मुलांसाठी कृतीतून प्रार्थना असं काहीतरी शोधून काढलं, त्याच्या झेरॉक्स मारल्या आणि तो गठ्ठा माझ्या हातात ठेवला. संडे स्कूल शिकवणारे आम्ही बरेच जण आहोत, पण त्या दिवशी हजर मी एकटीच होते. गैरहजर राहणाऱ्यांवर प्रभूची विशेष कृपा असते असं माझं तेव्हापासून मत आहे.

ते कागद लिहिणाऱ्यानं अकोला पाहिलेलं नव्हतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. वाळूत बोटानं आपलं पाप लिहायचं आणि हात फिरवून पुसून टाकायचं, अशी पहिली कृती होती. शेजारच्या बांधकामावरून वाळू आणून आम्ही ती परातीत पसरून ठेवली. दुपारी मुलं जमल्यावर पाहतो तर चर्चच्या मांजरीनं त्यात आपलं पाप करून ते रीतसर झाकूनही ठेवलं होतं. कृती तिला बरोबर समजली म्हणून पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मेणबत्तीसमोर शांत बसायचं होतं, पण मेणबत्ती आणि कूलर एका हॉलमध्ये नांदत नाहीत. मतदान घेतलं, तर मेणबत्तीचं डिपॉझिट जप्त झालं. फळीवर खिळे ठोकायचे आणि प्रत्येक खिळ्याला आपली एक चूक आठवायची, ही कृती मोठ्या पोरांना फार आवडली. फळी संपल्यावर त्यांनी बाकाला ठोकायला घेतलं. त्या संध्याकाळच्या उपासनेत कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांची पँट फाटली आणि मला बोलणी बसली.

मला रोज तिथे बाबा स्कूटरवर सोडत. मला गाडी येते, पण मी चालवलेली त्यांना चालत नाही. एसटीत ते उभा जन्म कंडक्टर होते, ड्रायव्हर कधीच नव्हते, तरी रस्त्यातलं आपल्यालाच कळतं हा त्यांचा समज पक्का आहे. जठारपेठेतून निघायचं, चर्चच्या फाटकाशी मला उतरवायचं आणि बाहेर कडुनिंबाखालच्या कठड्यावर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसून राहायचं. आत यायचं नाही. कारण बाबांचा देवाशी अबोला होता.

आमच्या घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. माझं लग्न का जमत नाही हा मंडळीच्या प्रार्थनेतला कायमचा विषय आहे आणि मी सोडून सगळे त्यावर मनापासून प्रार्थना करतात. आई आजारी पडली तेव्हाही सगळ्यांनी उपास धरले होते, पाळ्या लावून प्रार्थना केली होती. आई गेलीच. कबरस्तानात कुणीतरी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "देवाच्या बागेला चांगली फुलं लागतात, भाऊ." बाबा म्हणाले, "मंग त्याले म्हणा, सोताची लाव. लोकायच्या कुंडीतली काहून तोडतं?"

तेव्हापासून बंद. ते नास्तिक वगैरे झाले नाहीत, त्यांचा अबोला अगदी भावकीतला. "देव नाई असं मी म्हणत नाई. हाये. पण मी त्याच्यासंगं बोलत नाई," असं ते स्वच्छ सांगत. ताट आलं की प्रार्थनेआधीच पहिला घास तोंडात. पाळकसाहेब घरी आले तर चहापाणी, हवापाणी सगळं व्यवस्थित होई, आणि ते "प्रार्थना करू या" म्हणाले की बाबांना नेमकं आठवे की गॅस सुरू राहिलाय.

आता ते दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर न बोलोत, दोघंही वयानं मोठे आहेत. माझं दुःख वेगळं होतं. त्या अबोल्यात बाबांनी आईलाही ओढलं. तिचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा. "आई वरणात..." एवढं मी म्हटलं की बातम्या अशा कडाडत की शेजारचे खिडकी लावून घेत. मला आईबद्दल बोलायचं होतं. ती माझी आई होती आणि मला तिची रोज आठवण यायची. तिला माझ्याइतकं ओळखणारं माणूस जगात एकच होतं, आणि रिमोट त्याच्या हातात होता. बाबांनी चर्चमध्ये यावं, गुडघे टेकावे, यातलं मला काही नको होतं. आमच्या घरात आईचा विषय निघावा, एवढंच हवं होतं.

बुधवारी खुर्चीची कृती आली. एक रिकामी खुर्ची ठेवायची, प्रभू तिच्यावर बसलाय असं समजायचं आणि एकेकानं समोर दुसऱ्या खुर्चीवर बसून त्याच्याशी मनातलं बोलायचं. बाकीच्यांनी तोवर हॉलच्या दुसऱ्या टोकाला चित्रं रंगवायची. खुर्ची कोणती घ्यावी यावर पोट्ट्यांची सभा भरली. पाळकसाहेबांची नक्षीवाली आणू, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "ते टोचते बे. मी बसून पाह्यलं." म्हणून मग लाल प्लास्टिकची घेतली. कुठे ठेवायची यावर वाद झालाच नाही. पाहुणा आहे, उन्हातून आलेला आहे, तर कूलरसमोर.

सुरुवात वाईट झाली. नववीतला एक पोरगा खुर्चीसमोर बसला आणि कमिटीच्या अध्यक्षांच्या आवाजात "हे परमपवित्र स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानितो" असं सुरू झाला. मी म्हटलं, "अरे, घरी बोलतोस तसं बोल."

"घरी तं आमी शिव्या देतो, टीचर."

"त्या सोडून."

मग मात्र गाडी रुळावर आली. "देवा, गणिताच्या पेपरात मी काय लिहून आलो ते तू पाह्यलं का?" तो म्हणाला. "नसन पाह्यलं तं पाहू नको." मी खरं तर ऐकायचं नव्हतं. पण कूलरचा पंप मधूनच बंद पडतो आणि त्याला बाजूनं बुक्की घालावी लागते, म्हणून मी कूलरच्या मागेच स्टूल टाकून बसले होते. कान काही बंद करता येत नाहीत.

चार-पाच पोरं झाली असतील, तेवढ्यात बाबा आत आले. दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर कठड्यावर पापड भाजून निघाला असता. इतके दिवस त्यांनी ते सोसलं, त्या दिवशी नाही सोसलं. कुणाकडे न पाहता ते "पाच मिन्टं वारा घेतो" असं हवेत बोलले, आणि कूलरच्या अगदी तोंडाशी जी रिकामी खुर्ची दिसली, तिच्यात बसले. दुपट्टा काढला, चपला सोडल्या, पाय लांब केले, डोळे मिटले.

हॉलमध्ये सगळे ब्रश थांबले. पण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवरून ऊठ असं कोण म्हणणार? पोरं माझ्याकडे पाहायला लागली. ती खुर्ची कुणाची आहे हे मी सांगितलं असतं तर बाबा तसेच उन्हात गेले असते आणि पुन्हा फाटकाशीही आले नसते. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटत होती. मी पंपाला बुक्की घातली आणि गप्प बसले.

पुढचा नंबर एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीचा होता. दोन वेण्या, तोंड सदा फुगलेलं. तिचे वडील सरकारी नोकरीत, गडचिरोलीकडे. ती आली, बाबांना पाहून क्षणभर थांबली, आणि मग नियम म्हणजे नियम असा चेहरा करून समोर बसली.

"मी कवापासून तुले म्हणून राहिली का माह्या पप्पाची बदली अकोल्याले कर," ती म्हणाली. "मी बर्फाचा गोला बी सोडला. सारा लेंट, उपासाचे चाळीस दिवस, एक बी नाई खाल्ला. अन् तू त्याहिले आखीन दूर पाठवलं. तू आयकलं काहून नाई?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग खाली खुर्चीकडे, मग माझ्याकडे. मी कूलरच्या जाळीत काहीतरी शोधत होते. आता उठतील, असं मला वाटलं. पण पोरगी उत्तराची वाट पाहत होती, आणि तक्रार घेऊन समोर आलेल्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय सोडायची बाबांना सवयच नाही.

"गाडी भरेल असन, पोरी," ते म्हणाले. "लय लोकं चढले असतीन. मांगून दुसरी येऊन राहिली."

"नक्की?"

बाबांनी दुपट्टा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.

"तुमी तं कंडक्टर होते ना, आजोबा?" आता ती प्रभूला सोडून थेट बाबांशी बोलायला लागली होती. "तुमी म्हणत तवा मांगून गाडी खरंच ये का?"

बाबांनी लांब केलेले पाय आखडून घेतले. मग म्हणाले, "कधी ये. कधी नाई ये."

तिनं त्यावर विचार केला. "बरं," म्हणाली. मग आठवण झाली म्हणून "आमेन" म्हणाली आणि रंगपेटीकडे निघून गेली.

सरबत आलं तशी सगळी पोरं व्हरांड्यात पळाली. मी कूलरच्या मागून निघणार, तर बाबा उठले. मला वाटलं निघाले. ते उठून समोरच्या खुर्चीवर, पोरीच्या जागी बसले. मी पुन्हा स्टुलावर बसले. त्यांना मी दिसत होते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"मले इथी याचंच नव्हतं," ते लाल खुर्चीला म्हणाले. "उन्हानं आणलं. तुहंच ऊन." मग आवाज चढला. "जलमभर मी लोकायले म्हणत आलो, मांगून गाडी येते. मले मालूम राहे, येत नाई. लेकरं घेऊन उभे राहत बिचारे रस्त्यावर. तू बी मले तसंच केलं. एक दिवस ताप उतरवला. एक दिवस तिले जेऊ घातलं. मी म्हणो, आली, आली गाडी. सरळ सांगाचं होतं ना, गाडी नाई म्हणून! मी तिच्याजोळ बसलो असतो. मी इथी तुह्या पाया पडत बसलो, अन् ती तिथी गेली. ती गेली तवा मी तुह्याजोळ होतो. तिच्याजोळ नव्हतो."

मग त्यांनी देवाला आणखी बरंच सुनावलं. त्यातले काही शब्द मुलांना मी सोडायला सांगितलेल्या प्रकारातले होते. आमच्या घराण्यात अबोला असाच सुटतो. अकोटच्या काकांशी शेताच्या धुऱ्यावरून धरलेला अबोला भर लग्नाच्या पंगतीत असाच ओरडून सुटला होता. पण मी हसत नव्हते. मी कूलरच्या मागे तोंडावर ओढणी दाबून रडत होते. आई गेली तेव्हा बाबा चर्चमध्ये होते हे मला ठाऊक होतं, दवाखान्यात तिच्याजवळ मीच होते. त्यांना ते इतकं टोचत असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. मी समजत होते, त्यांना राग आलाय.

परत जाताना त्यांनी स्कूटर अशी सावकाश चालवली की सायकली पुढे जात होत्या. मी मागे बसले होते. अर्ध्या रस्त्यात, मान न वळवता, त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तिनं मले इचारलं होतं का?"

हे सांगायला मी कितीदा तोंड उघडलं होतं. दरवेळी टीव्ही मोठा झाला होता.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "बाबा कुठंयत म्हणून. मी म्हटलं, चर्चमध्ये प्रार्थना करताहेत. तर हसली. म्हणाली, 'तुहे बाबा देवासंगं बी सुट्ट्या पैशावरून भांडत असतीन.'"

बाबांनी स्कूटर कडेला घेतली. पाय टेकवले, हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग मला कळलं की ते हसताहेत, आणि मग ते हसू राहिलं नाही. रसवंतीवाला आमच्याकडे पाहत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, पण स्कूटर सुरू केली नाही.

"आखीन सांग," ते म्हणाले.