डब्याचं दूध

माझ्या बहिणीचा नवरा, संपात गिरणीची नोकरी गेलेला कामगार, एड्सने वारला तेव्हा ती गरोदर होती आणि तिलाही एचआयव्हीची लागण झाली होती. परळच्या इस्पितळात बाळंतपणाच्या वेळी तिला औषध दिलं आणि डॉक्टरांनी बजावलं की दुधातूनही लागण होते, बाळाला अंगावर पाजायचं नाही, फक्त डब्याचं दूध द्यायचं. सासूला हे सगळं माहीत होतं.

तरीही बारशाला लालबागच्या चाळीतल्या बायका, ही बाळाला अंगावर का पाजत नाही, म्हणून कुजबुजू लागल्या, तशी सासूने बाळ बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "चारचौघींत एकदा तरी पदराखाली घे गं. माझ्या मुलाचं नाव जातंय."

मेलेल्या मुलाच्या नावासाठी ही बाई जिवंत नातीचा बळी द्यायला निघाली होती.

"दूधच नसेल हिला," एक शेजारीण म्हणाली.

"आहे काकी. पण देणार नाही," बहीण म्हणाली आणि सगळ्यांसमोर वाटी-चमच्याने डब्याचं दूध पाजू लागली.

भाचीला लागण झाली नाही. बहीण मात्र गेल्या महिन्यात गेली. तेराव्याला त्याच बायका पोरीच्या गालावरून हात फिरवत हळहळल्या, "आईच्या दुधाविना वाढली हो बिचारी!"

म्हणूनच वाढली, हे सांगावं एवढीही त्यांची लायकी मला वाटली नाही. मी चहा पुढे केला.