बेल न दिलेला थांबा

पहाटे पाच चाळीसला कंडक्टर राजश्री शिवशरण यांनी दुधनी गाडीत चढून घंटीची दोरी दोनदा ओढली. पुढे चालकाच्या डोक्यावर ठोके नीट वाजले. मग त्यांनी तिकीट मशीनमधला कागदाचा रोल बदलला, एक कोरं तिकीट काढून अक्षर उमटतंय का पाहिलं आणि पिशवीतली चिल्लर पुढच्या कप्प्यात ओतली. गाडी सहा दहाला सुटते. सोलापूर, वळसंग, अक्कलकोट, दुधनी. दुधनीच्या पुढे थोड्या अंतरावर कर्नाटक लागतं, त्यामुळे अर्धे प्रवासी मराठीत तिकीट मागतात आणि कन्नडमध्ये भांडतात. राजश्रींना दोन्ही समजतं. उत्तर त्या मराठीतच देतात.

त्या चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. वडील सोलापुरातल्या कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी रिक्षा चालवली आणि मुलीला शिकवलं. नवरा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर असतो. आठवड्यातले तीन दिवस नवरा-बायकोची भेट दारातच होते, एक येताना आणि एक जाताना. घर बुधवार पेठेत आहे. घरात देव्हारा नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर त्रिसरण-पंचशील होतं. सासू मुक्ताबाई सुरुवात करतात, बाकीचे मागून म्हणतात. पाचांपैकी चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तिकिटाच्या धंद्यात त्याला रोज काम पडतं, असं राजश्री म्हणतात. पंच्याहत्तरीचं मोफत तिकीट मागणाऱ्या साठीच्या म्हाताऱ्यांपासून त्याची सुरुवात होते.

त्यांचे चालक सिद्धराम हत्तुरे दुधनीचे. वय छप्पन्न, जात लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सोलापुरात त्यांनी खोली घेतली आहे. बायको हेमावती दुधनीला शेत बघते. सकाळची गाडी दुधनीला पोचली की तिथे अर्धा तास थांबते. त्या अर्ध्या तासात हेमावती स्टँडवर डबा घेऊन येतात आणि दोघांचा संसार गाडीच्या सावलीत उरकतो. सिद्धराम यांना दुधनीचीच ड्यूटी हवी असते ती एवढ्यासाठी.

दोघांची जोडी लागली त्या पहिल्याच आठवड्यात सिद्धराम म्हणाले होते, "नाव शिवशरण आणि शिवाला शरण न्हाय?"

"आडनाव सासरचं हाय, अण्णा. दीक्षा माहेरची."

"म्हणजे दोन्हीकडनं पक्की हाय की."

हे असं चालायचं. सिद्धराम विचारायचे, बुद्ध देव नाही म्हणता तर पाकिटात फोटो कशाला. राजश्री सांगायच्या, गुरूचा फोटो ठेवतात तसा. मग त्या विचारायच्या, तुमच्यात तर गळ्यातलं लिंग सोडून दुसरं काही पुजायचं नसतं, मग रस्त्यावरचा दगड कशाला. सिद्धराम यावर गिअर बदलायचे आणि म्हणायचे, "मला ठावं हाय ते. डोकं मानतंय, पाय ऐकत न्हाईत."

सणाला हेमावती शेंगांची पोळी पाठवायच्या. राजश्री प्रसाद खात नाहीत. हे कळल्यावर सिद्धराम यांनी घरी सांगितलं की एक पोळी नैवेद्याच्या आधी बाजूला काढून ठेव. देवाच्या आधी माणसाचं पान काढायचं हे हेमावतींना पटलं नव्हतं. दोन सण त्यांनी ऐकलं नाही, तिसऱ्या सणाला काढून ठेवली, पण निरोपही पाठवला: पाप लागलं तर अर्धं तिचं.

रस्त्यावरचा तो दगड अक्कलकोटच्या पुढे एका वळणावर आहे. कडुलिंबाखाली झिजलेला नंदी, लोक त्याला वळणाचा बसवण्णा म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी भरल्या गाडीचा ब्रेक तिथे निकामी झाला आणि गाडी नंदीशेजारच्या मातीच्या बांधाला टेकून उभी राहिली. कुणाला खरचटलं नाही. सिद्धराम यांच्या मते गाडी बसवण्णानं धरली. राजश्रींच्या मते बांधानं. तेव्हापासून सिद्धराम सकाळच्या फेरीत तिथे उतरतात, फूल ठेवतात आणि परत येतात.

"हितं थांबा न्हाय," राजश्रींनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

"माझा हाय."

"मी बेल देणार न्हाय."

"नको देऊ. मी कुटं मागितली?"

गाडी कंडक्टरच्या बेलवर थांबते आणि बेलवर सुटते. एक ठोका थांबा, दोन ठोके निघा. या एका जागी गाडी बेलशिवाय थांबायची आणि बेलशिवाय सुटायची. तेवढा वेळ राजश्री मागे तोंड करून उभ्या राहत आणि राहिलेली तिकिटं देत. तीन वर्षं हा करार चालला. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

गेल्या जानेवारीत गाडी अशीच उभी असताना मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, दोन्ही काठोकाठ. पहिली ट्रॉली निघून गेली, दुसरी वळणावर फिरली आणि बसच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. दिवा फुटला, पत्रा आत गेला, शेवटच्या बाकावरच्या एका शिक्षकांच्या कपाळाला टेंगूळ आलं. सिद्धराम फूल ठेवून मागे वळत होते. शिक्षकांनी आगारात तक्रार केली: थांबा नसलेल्या वळणावर गाडी का उभी होती?

सिद्धराम यांची विनाअपघात सेवेची पंचवीस वर्षं मेमध्ये पूर्ण होणार होती. त्याचा बिल्ला मिळतो. निवृत्तीला त्यानंतर दीड वर्ष उरत होतं. चौकशीत दोष आला तर बिल्ला जाणार होता आणि दुधनीची ड्यूटीही जाण्याची शक्यता होती.

दुसऱ्या दिवशी दुधनीच्या स्टँडवर त्यांनी राजश्रींना बाजूला घेतलं. "इंजिन गरम झालं म्हणून पाणी बघायला उतरलो, असं मी लिहून दिलंय. तुला विचारतील."

"अण्णा, इंजिन गरम न्हवतं."

"न्हवतं. पण हुतं म्हणायला तुझं काय जातंय?"

"माझ्याच्यानं न्हाय होणार."

"ट्रॅक्टरवाल्याची चूक हाय ना? मग मी कशाला मरू?"

"चूक त्याचीच हाय. तेबी सांगीन."

सिद्धराम म्हणाले, "तुमच्यात देव न्हाय म्हणतीस. मग तू खोटं बोललीस तर बघतंय कोण?"

"कुणी बघत न्हाय म्हणून तर मला बघावं लागतंय."

त्या दिवशीपासून दोघांतलं बोलणं बंद झालं. गाडीत फक्त घंटी वाजायची. वळण आलं की गाडी न थांबता पुढे जायची. अक्कलकोटला दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन रोज याच गाडीनं परतणारी, पंच्याहत्तरी ओलांडलेली निंगव्वा पुढच्या बाकावर बसते. तिच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"काय व्हय, कोर्टातनं आल्यागत बसलाय दोघं," ती म्हणाली. कुणी हसलं नाही तेव्हा तिनं स्वतःच हसून घेतलं.

जबाबाच्या दिवशी राजश्रींनी चौकशी करणाऱ्या साहेबांना जे सांगितलं ते असं: गाडी चालकानं देवाला फूल ठेवण्यासाठी थांबवली होती. इंजिन गरम नव्हतं. गाडी रस्त्याच्या कडेला होती आणि दिवे चालू होते. ट्रॅक्टरनं वळणावर गाडीला ओलांडून पुढे जायला नको होतं. मग त्यांनी न विचारलेलं सांगितलं. गाडी तिथे तीन वर्षं रोज थांबते. मी बेल देत नव्हते, पण कळवलंही नाही. माझ्या बेलशिवाय गाडी उभी राहते आणि मी गप्प बसते, तर त्या थांब्याची जबाबदारी माझीही आहे.

"हे तुम्ही कशाला लिहून देताय?" साहेबांनी विचारलं.

"अर्धंच सांगितलं तर तेही खोटंच होतं, साहेब."

निकाल महिन्याभरानं आला. अपघाताचा दोष ट्रॅक्टरवर, अनधिकृत थांब्याचा दोष दोघांवर. दोघांची एकेक वेतनवाढ वर्षभर रोखली. सिद्धराम यांनी खोटं लिहून दिलं म्हणून त्यांना वेगळी ताकीद मिळाली. मे महिन्यातल्या बिल्ल्याच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही.

ड्यूट्या लावणारे वाहतूक नियंत्रक कुंडलिक माने यांनी सिद्धराम यांना बोलावून घेतलं. "तुझ्याविरुद्ध जबाब दिला बाईनं. जोडी बदलू का? बार्शीचा एक कंडक्टर मोकळा हाय."

सिद्धराम यांनी चहा संपवला. कुंडलिक यांच्या सांगण्याप्रमाणे, तो चहा फार वेळ चालला.

"माझ्या बाजूनं खोटं बोलली न्हाय," ते शेवटी म्हणाले, "तर माझ्यावर बी बोलणार न्हाय. दुसरा आणून त्याची परीक्षा कधी घेऊ? दीड वर्ष राहिलंय."

"मग दुधनीच ठेवू?"

"ठेव की. तिचा बी आणि माझा बी पगार कापलाय, दोघं मिळून रडू."

हे कुंडलिक यांनी राजश्रींना सांगितलं. सिद्धराम यांनी स्वतः काही सांगितलं नाही. हेमावतींनी मात्र दुधनीला खिडकीशी येऊन सांगितलं, "तू खरं बोललीस, आमचं वर्ष गेलं." राजश्री म्हणाल्या, "व्हय, वयनी." हेमावतींचा तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

पण एक अडचण राहिली, आणि ती राजश्रींच्या लक्षात आली. वळण आलं की सिद्धराम गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगावर आणायचे. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं असायचं. नियम त्यांनी मानला होता, भीती मात्र गेली नव्हती. मागचे दुचाकीवाले हॉर्न मारत पुढे जात.

"अण्णा, अशी चालवली तर आता खरंच कुणीतरी मागनं ठोकंल," एका सकाळी त्या म्हणाल्या. कामाबाहेरचं ते पहिलं वाक्य होतं.

"मग काय करू? अकरा वर्षं फूल चुकलं न्हवतं."

वळणाच्या अलीकडे वस्तीचा अधिकृत थांबा आहे. निंगव्वा तिथेच उतरते आणि वळणावरून चालत घरी जाते. त्या दिवशी तिला उतरवताना राजश्रींनी विचारलं, "आज्जे, तो बसवण्णा तुझ्या वाटंवरच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटच्या स्टँडवर त्यांनी सिद्धराम यांना सुचवलं. गाडी तिथे थांबतेच. फूल तिथे निंगव्वाकडे द्यायचं, ती ठेवील.

"दुसऱ्याच्या हातनं पोचतंय व्हय?"

"कुणाच्याच हातनं पोचत न्हाय, असं माझं म्हणणं हाय. पण तुमच्या हातनं पोचत असंल तर आज्जीच्या हातानं काय घोडं मारलंय?"

निंगव्वा पुढच्या बाकावरून ऐकत होती. "देवाला हात दिसत न्हाईत, फूल दिसतंय," ती म्हणाली. "पण माझ्या हमालीचं काय?"

"तुझं तिकीट आधीच फुकट हाय," राजश्री म्हणाल्या.

सिद्धराम यांनी आणखी एक दिवस घेतला. तिसऱ्या सकाळी ते अक्कलकोटला केबिनमधून उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि खिडकीतून निंगव्वाच्या ओंजळीत शेवंतीचं फूल दिलं. राजश्री बाजूला उभ्या होत्या. त्यांनी फुलाला हात लावला नाही, आजही लावत नाहीत. निंगव्वा वस्तीवर उतरली, गाडी तिला मागे टाकून पुढे गेली. वळणावर गाडीचा वेग इतर गाड्यांसारखा होता.

घरी मुक्ताबाईंना हे पटलेलं नाही. "देवाची वाट तू कशाला दाखवतीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"देवाची न्हाय, आत्या. वळणावर गाडी रांगत हुती. मागं माणसं बसल्याली असत्यात."

"उद्या आरतीला बोलवंल."

"बोलवतो की दर सोमवारी. मी जात न्हाय."

हे खरं आहे. सिद्धराम अजून बोलावतात, राजश्री अजून जात नाहीत. बुद्धपौर्णिमेला राजश्रींनी खीर आणली तेव्हा सिद्धराम यांनी डबा उघडून आधी विचारलं होतं, हा प्रसाद नाही ना, असेल तर मला चालेल, पण तुझ्यात प्रसाद कसा? ती खीर आहे, एवढंच उत्तर मिळालं. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि साखर कमी आहे म्हणाले. बांध की बसवण्णा, हा वाद आठवड्यातून एकदा तरी निघतो आणि वळसंगच्या पुढे प्रवासीही त्यात पडतात.

आगारातल्या फळ्यावर उद्याच्या, बुधवारच्या ड्यूट्या लागल्या आहेत. सहा दहाच्या सोलापूर-दुधनी गाडीपुढे चालक हत्तुरे आणि वाहक शिवशरण अशी नावं आहेत. वेळापत्रकाप्रमाणे ही गाडी सात वीसला अक्कलकोटला पोचते आणि तिथे दहा मिनिटं थांबते.